चार बोल्ट आणि पिवळा ठिपका

मावशीला पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला जायचंय, लेकीच्या बाळंतपणाला. परवा फोन आला, डिंकाचे लाडू किती नेऊ, कस्टमवाले काढून घेतात का, हे सगळं झाल्यावर आवाज खाली करून म्हणते, "अरे, तिकिटावर बोइंग ७७७ लिहिलंय. बोइंग म्हणजे तीच ना?" मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, गाड्यांच्या सीटचे सांगाडे आणि ब्रॅकेट बनवतो आम्ही, पण घरच्यांच्या लेखी मिक्सरपासून विमानापर्यंत काहीही असलं तरी क्वालिटीवाला मीच.

आता "तीच" मध्ये काय काय भरलंय बघा. व्हॉट्सॲपवर सगळं एका भांड्यात ढवळलेलं असतं. २०१८ ला लायन एअर, २०१९ ला इथिओपियन, दोन्ही ७३७ मॅक्स, मिळून ३४६ माणसं गेली, तिथे गडबड डिझाइनची होती, एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबणारं सॉफ्टवेअर आणि पायलटांना त्याचा पत्ताच नाही. १२ जून २०२५ चं अहमदाबाद, २६० माणसं, त्याच्या प्राथमिक रिपोर्टात आलं की दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच एकापाठोपाठ बंद झाले, पण का ते त्यात नाही, त्यामुळे ते लगेच बोइंगच्या खात्यावर मांडणं मला पटत नाही. आणि तिसरं, ज्यात एकही माणूस गेला नाही. माझी झोप उडवली ती मात्र या तिसऱ्याने.

५ जानेवारी २०२४, अलास्का एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स ९, अमेरिकेतल्या पोर्टलंडहून उडालं आणि काही मिनिटांत, साधारण १५,००० फुटांवर, भिंतीचा एक तुकडा बाहेर. १७१ प्रवासी, ६ क्रू. भोकाला लागून असलेल्या २६ए आणि २६बी या दोन सीट रिकाम्या होत्या, बास, एवढ्यावर निभावलं. जवळच्या एका पोराचा अंगातला शर्ट ओढून नेला वाऱ्याने. तो तुकडा नंतर पोर्टलंडमधे एका शिक्षकाच्या परसात सापडला, एक मोबाइल रस्त्याकडेला सापडला तोही चालू अवस्थेत.

त्या तुकड्याला डोअर प्लग म्हणतात. जास्त सीट बसवणाऱ्या कंपन्यांना तिथे इमर्जन्सी दार लागतं, बाकीच्यांसाठी ती जागा प्लग लावून बंद करतात, आतून बघितलं तर साधी खिडकी दिसते. बसवायची पद्धत जुन्या वाणीदुकानाच्या फळ्यांसारखी समजा, आतल्या हवेचा दाब त्याला खोबणीत धरून ठेवतो, काढायचा तर आधी वर सरकवावा लागतो, मग बाहेर झुकतो. तो वर सरकू नये म्हणून चार बोल्ट. ते चारही नव्हते. तुटले नव्हते हो, लावलेलेच नव्हते! आणि तसंच ते विमान १५४ वेळा उडलं, दर वेळी थोडं थोडं वर सरकत.

चौकशीत जे बाहेर आलं ते वाचताना मला आमचाच शॉप फ्लोअर दिसत होता. विमानाचा सांगाडा कॅन्ससमधल्या विचिटाला स्पिरिट एअरोसिस्टिम्स बनवायची आणि तो रेल्वेने सिएटलजवळच्या रेंटनला यायचा, बोइंगच्या असेंब्लीत. विचिटाचा हा प्लांट मूळ बोइंगचाच, २००५ मधे विकून टाकलेला, आणि या सगळ्या रामायणानंतर परत विकत घेतलेला. तर सप्टेंबर २०२३ मधे या विमानाच्या सांगाड्यात पाच रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, खराब सापडले. ते दुरुस्त करायला प्लग उघडावा लागला. रिव्हेट झाले, प्लग परत जागेवर ढकलला, आतलं इन्सुलेशन, पॅनल बसलं, विमान पुढच्या स्टेशनला. प्लग काढल्याची नोंद कुठेच नाही. नोंद नाही म्हणजे "परत बसवला का, बोल्ट टाइट केले का" हे तपासायला इन्स्पेक्टरला कुणी बोलावणारच नाही, त्याच्या यादीत ते कामच नाही ना. दारांच्या टीममधे २४ जण, त्यातल्या एकालाच प्लग उघडायचा आधीचा अनुभव, आणि तो त्या वेळी सुट्टीवर. हे वाचून हसू का रडू कळेना, कारण आमच्याकडेही ज्याला फिक्स्चर सेट करता येतं तो नेमका गावच्या जत्रेला गेलेला असतो.

आता माझंच सांगतो. बरीच वर्षं झाली, कंपनी दुसरी होती. महिनाअखेर, रात्रीची शिफ्ट, गाडी गेटवर उभी आणि डिस्पॅचवाला दर दहा मिनिटांनी येऊन "किती राहिले?" आमच्याकडे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, टाइट केला की त्यावर पिवळ्या मार्करने ठिपका द्यायचा, ठिपका दिसला की पुढचा माणूस समजतो झालं. त्या रात्री एका पोराने वेळ वाचवायला ट्रेमधल्या सगळ्या बोल्टना आधी ठिपके देऊन टाकले, टॉर्क नंतर सावकाश करू म्हणून. अर्धा ट्रे झाला, शिफ्ट संपली, पोरगं बसला पळालं. पुढच्या शिफ्टला ठिपके दिसले. मीही फायनल इन्स्पेक्शनला उभा होतो, मलाही ठिपके दिसले. सही माझी आहे.

माल कस्टमरच्या लाइनवर पकडला गेला, नशीब. तीन दिवस आम्ही चौघं तिथे उकिडवे बसून एकेक बोल्ट तपासत होतो, आमचेच पिवळे ठिपके बघत. त्या पोरावर मी खूप ओरडलो होतो, आता वाटतं उगाच, कारण दहा मिनिटांनी "किती राहिले" विचारणाऱ्यावर कुणीच ओरडलं नाही, मी तर नाहीच.

म्हणून "बोइंगने १९९७ ला मॅकडोनेल डग्लस ही दुसरी विमान कंपनी घेतली आणि इंजिनिअरांची कंपनी हिशेबवाल्यांची झाली" हे जे सगळे म्हणतात ते मला पटतं, हेड ऑफिससुद्धा सिएटलहून शिकागो, मग आर्लिंग्टन, विमानं बनतात तिथून लांबच लांब. पण नुसतं मालकांना शिव्या घालून शॉप फ्लोअरवरचं कोडं सुटत नाही. अमेरिकन विमान खात्याच्या ऑडिटची बातमी आली होती तेव्हा, की स्पिरिटमधे दाराचं सील हॉटेलच्या की-कार्डाने तपासत होते आणि सील बसवायला भांडी घासायचं लिक्विड लावत होते. लोक खो खो हसले. मी नाही हसलो बाबा. रबर ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवायची रबरी कडी, साबणाच्या पाण्याशिवाय बसवून दाखवा मला. तपासनिसांचा आक्षेप तिथल्या सूचना मोघम असण्यावर होता आणि तो मला शंभर टक्के कळतो. जुगाड करा, पण कामाच्या कागदावर लिहून करा, म्हणजे उद्या दुसऱ्याने लिक्विडऐवजी ग्रीस लावलं तर कुणाला तरी कळेल.

खात्याने नंतर एक काम झकास केलं, महिन्याला ३८ च्या वर मॅक्स बनवायची नाहीत म्हणून वेसण घातली, ऑक्टोबर २०२५ पर्यंत, मग ४२ ला परवानगी दिली. बाहेरून कुणीतरी येऊन "प्रॉडक्शन वाढवू नका" म्हणतंय हे क्वालिटीवाल्याचं दिवास्वप्न आहे, आमच्याकडे आलं असतं तर मी पेढे वाटले असते.

प्लग नक्की कुणी उघडला आणि कुणी बंद केला ते एवढी चौकशी होऊनही ठरलं नाही. सहीच नाही तर माणूस कुठून शोधणार.

तर मावशी. तिला म्हटलं ७७७ वेगळं विमान आहे, कित्येक वर्षं उडतंय, तू निवांत जा, फक्त पूर्ण वेळ पट्टा बांधून बस. ती म्हणाली, "तू बघितलंयस ना नीट सगळं? तू हो म्हणालास की मी निर्धास्त."

मी म्हटलं, हो.