पोरीले उभं नोका करत जाऊ जी

दक्षिण नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतो, सोळा वर्षं झाली. सातवीचा वर्गशिक्षक पण मीच. हे तीन-चार वर्षांपूर्वीचं आहे पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

सप्टेंबर होता, पाऊस थांबलेला आणि उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. पहिल्याच तासाला ऑफिसातून निरोप आला की सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीची यादी आजच पाहिजे. पाचवी ते सातवीच्या मुलींना तेव्हा महिन्याला ६० रुपये मिळायचे, दहा महिन्यांचे ६००. मी नेहमीसारखंच केलं, वर्गात मोठ्यानं म्हटलं, "एससीच्या मुली उभ्या राहा." मी शाळेत होतो तेव्हा आमचे सर पण असंच करायचे, उभे राहा, नाव सांगा, बसा, पाच मिनिटांचं काम.

चार मुली उभ्या राहिल्या. माझ्या हिशेबानं पाच पाहिजे होत्या. पाचवी तिसऱ्या बाकावर वहीत मान घालून बसलेली, त्याच वर्षी आमच्याकडे आलेली, हुशार, अक्षर एकदम सुंदर. मला वाटलं लक्ष नाही तिचं. म्हटलं, "अगं तू पण ना, राहा की उभी." ती राहिली. शेजारच्या मुलीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, ते पाहणं मला दिसलं, आणि तरी मी नाव लिहून पुढे गेलो.

पुढच्याच तासाला मी त्याच वर्गात उद्देशिकेचा धडा शिकवला. फळ्यावर लिहिलं, व्यक्तीची प्रतिष्ठा, बंधुता. संविधान दिन देशभर व्हायला लागला २०१५ पासून, पण आपल्या नागपूर जिल्हा परिषदेनं शाळांत उद्देशिका वाचायचा उपक्रम २००५ मध्येच सुरू केला होता, हे मी दरवर्षी मुलांना अभिमानानं सांगतो, त्याही दिवशी सांगितलं. मग अर्ज कसा लिहायचा, कुठल्याही ऑफिसात अर्ज दिला की पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हेही सांगितलं. सगळी मुलं लिहून घेत होती. ती पण.

आठ दिवस झाले, चौघींचे फॉर्म आले, हिचा नाही. आज आणते उद्या आणते. शेवटी मी आईला बोलावलं. लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जाते बाई, कामावरून थेट आली होती, हाताला पीठ तसंच. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "सर, ते सहाशे रुपये नाही भेटले तं नाही भेटले, पन पोरीले सर्व्यांसमोर उभं नोका करत जाऊ जी."

मी समजवायला गेलो, अहो ताई यात लाज वाटण्यासारखं काय आहे.

"लाज कायची जी? १३ एप्रिलच्या रात्री आमी सारे घरचे संविधान चौकात रायतो, पोरगी निळा फेटा बांधते. थो फेटा तिनं सोताच्या मनानं बांधला. उभं तिले तुमी केलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त "चुकलं माझं" म्हटलं, आणि ते खरंच होतं.

त्या रात्री झोप आली नाही. कारण एकच गोष्ट डोक्यात फिरत होती की ही सगळी माहिती शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आहेच की. कुणाला विचारायची गरजच नव्हती! रजिस्टर काढून पानं चाळायला अर्धा तास लागतो आणि वर्गात ओरडायला पाच मिनिटं, त्या पंचवीस मिनिटांसाठी इतकी वर्षं मी पोरींना उभं करत होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारण्यासोबत मानसिक त्रासालाही मनाई करतं, ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं. मी छडी बंद केली आणि माझ्यापुरता विषय संपवला होता.

स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक मॅडम म्हणाल्या की आम्ही पण असेच उभे राहून शिकलो, काही झालं नाही. त्यांच्याच शेजारचे सर, रिटायरमेंटला आलेले, एवढंच बोलले, "मला अजून आठवते मी कोणत्या बाकावर उभा होतो ते." मग कुणीच काही बोललं नाही. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी पद्धत बदलायला परवानगी दिली.

आता वर्गातल्या सगळ्याच ४६ मुलांना एकसारखं खाकी पाकीट जातं. ज्यांना फॉर्म लागतो त्यांच्या पाकिटात फॉर्म, बाकीच्यांच्यात पत्ता-फोन नंबर तपासायचा कागद. क्लार्क पहिल्यांदा वैतागला, बरोबर आहे, काम वाढलंच त्याचं, नंतर तोच पाकिटं भरू लागला.

पहिली पाकिटं परत आली तेव्हा ती पोरगी शेवटी आली टेबलापाशी. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलेलं, कडेला एक शीत वाळून तसंच राहिलेलं. मी पाकीट गठ्ठ्यावर ठेवलं तरी ती हलेना.

मी विचारलं, "काय गं?"

"सर, पोच."

मी वहीचं पान फाडलं, तारीख टाकली, सही केली. तिनं पूर्ण वाचून पाहिलं, मग घडी घालून कंपासमध्ये ठेवलं.