वासाच्या जीनसाठी व्हायरस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण मी कामाचं सांगितलं की हेच दोन प्रश्न येतात, वासाच्या रिसर्चला व्हायरस कशाला लागतो, आणि कोविडमध्ये गेलेला वास त्याने परत येईल का.

दुसऱ्याचं आधी, कारण विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणाला तरी फोडणीचा वास येत नसतो. नाही, आज तरी नाही. कोविडमध्ये मुख्यतः मार खातात त्या नाकातल्या न्यूरॉन्सना आधार देणाऱ्या पेशी, जीन धडधाकटच असतो, मग नवा जीन नेऊन काय साधणार? जिथे जीनच बिघडलेला होता तिथे मात्र जमलंय, २०१२ मध्ये, उंदरांमध्ये, अ‍ॅडेनोव्हायरसमधून आयएफटी८८ हा जीन नाकात सोडला आणि त्या उंदरांना वास यायला लागला. मला ते काम फार मोठं वाटतं.

आता व्हायरस. माणसात वासाचे साधारण ४०० रिसेप्टर, म्हणजे वास पकडणारी प्रोटीनं, आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नेमका कुठला वास कळतो हेच अजून माहीत नाही, ते शोधायचं तर एकेक जीन वेगळा काढून जिवंत पेशीत घालून बघावा लागतो. पेशीत शिरायचं काम व्हायरसइतकं सफाईने कुणी करत नाही. आम्ही लेंटिव्हायरस वापरतो, त्याचे स्वतःची पिल्लावळ वाढवायचे जीन काढलेले असतात, म्हणजे तो एकदाच आत जातो, आमचा जीन पेशीच्या डीएनएत बसवतो आणि संपतो, पुढे पसरत नाही. १९९८ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या स्टुअर्ट फायरस्टाईन यांच्या लॅबने अ‍ॅडेनोव्हायरसने आय७ नावाचा रिसेप्टर रॅटच्या नाकात पोचवला आणि संत्र्याच्या सालीसारखा वास असलेल्या ऑक्टॅनलला नाकाचा प्रतिसाद वाढला. रिसेप्टर आणि त्याचा वास अशी जोडी तेव्हा पक्की लागली.

पण खरी रडकथा पुढेच आहे. जीन आत गेला म्हणजे काम झालं असं नाही, कारण रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर येऊन उभा राहिला तरच त्याला वास पकडता येतो, आणि हे रिसेप्टर नाकाबाहेरच्या पेशीत आतच अडकून बसतात. जीनसोबत जीएफपी, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन, लावलेला असतो म्हणून दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली सगळी प्लेट हिरवीगार दिसते, आपण खूश होतो, मग पेशी न फोडता बर्फावर ठेवून रिसेप्टरला चिकटणारी, लाल चमकणारी अँटीबॉडी लावली की कडेला काहीच नाही, नुसता काळोख. हे मी इतक्यांदा बघितलंय की हिरवा रंग बघून आता मी कुणाला फोन करत नाही.

यावर दोन उपाय लोकांनी शोधले. एक म्हणजे डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश पकडणाऱ्या प्रोटीनच्या सुरुवातीची २० अमिनो आम्लं रिसेप्टरच्या तोंडाशी जोडायची. दुसरा २००४ मधला, ड्यूक युनिव्हर्सिटीत हिरोआकी मात्सुनामी यांच्या लॅबमधला. नाकातल्या न्यूरॉनमध्ये आरटीपी१ नावाचं प्रोटीन रिसेप्टरला वर आणून सोडतं, आमच्या एचईके पेशींमध्ये, म्हणजे माणसाच्या किडनीपासून लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमध्ये, ते जवळजवळ नसतंच, मग तेही बाहेरून द्यायचं. आम्ही दोन्ही करतो. तरी सगळे रिसेप्टर ऐकत नाहीत.

गेल्या आठवड्यात एकाने ऐकलं. पेशीच्या कडेने केसाएवढी बारीक लाल रेघ, पूर्ण गोल, आणि शेजारच्या पेशीलाही तशीच. आता त्याला एकेक वास देऊन बघायचंय.