ई१ कार्ड एलएक्ससी कंटेनरला देताना

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या ज्या ऑफिसांत पीआरआय लाइन (एकाच वेळी ३० कॉल नेणारी डिजिटल फोनलाइन) अजून आहे, तिथे ॲस्टरिस्क (फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) एलएक्ससी कंटेनरात, म्हणजे लिनक्स होस्टवरच्या वेगळ्या कप्प्यात, हलवताना एसआयपीचा (नेटवर्कवरच्या कॉलचा) भाग सहज जातो. अडतं ते ई१ कार्डापाशी, म्हणजे ही लाइन जोडायच्या कार्डापाशी.

कंटेनरला स्वतःचा कर्नल (लिनक्सचा गाभा) नसतो, तो होस्टचाच वापरतो. त्यामुळे दाहदीची (अशी कार्डं चालवणाऱ्या ड्रायव्हरची) मॉड्यूल्स होस्टवरच बसवायची. स्पॅनही (कार्डावरची एक ई१ लाइन) तिथेच मांडायचा: सिग्नलिंग सीसीएस, लाइन कोडिंग एचडीबी३, आवाजाचे बी-चॅनल १ ते १५ आणि १७ ते ३१, सिग्नलिंगचा डी-चॅनल १६. सीआरसी४ (लाइनवरच्या चुका तपासण्याची सोय) हवं की नको, हे लाइन देणाऱ्याला विचारून घ्या. ही मांडणी लागू करणारी 'दाहदी-सीएफजी' आज्ञा कंटेनरातून चालवूच नका. स्पॅन एकच, कर्नलही तोच. चालू कॉल तुटतील.

मग होस्टच्या 'डेव्ह'मधली 'दाहदी' डिरेक्टरी कंटेनरात बाइंड माउंट करायची (तीच डिरेक्टरी आतही दिसेल अशी जोडायची) आणि सीग्रुपमध्ये (कंटेनरला काय वापरता येईल ते ठरवणाऱ्या कर्नलच्या सोयीत) कॅरेक्टर डिव्हाइस, मेजर नंबर १९६ (दाहदी ड्रायव्हरचा क्रमांक) ला परवानगी द्यायची. मायनर (त्यातल्या एकेका डिव्हाइसचे क्रमांक) सगळे खुले ठेवा. टायमर २५३, चॅनल २५४ आणि स्यूडो २५५ वर असतात. फक्त ३१ चॅनल मोजून दिले की नेमके हेच सुटतात.

अनप्रिव्हिलेज्ड कंटेनर (ज्यातला रूट होस्टवर रूट नसतो) असेल तर नोडची, म्हणजे डिव्हाइस फाइलची, मालकीही बघावी लागते. युजर आयडीचं मॅपिंग १००००० पासून असेल आणि आतल्या ॲस्टरिस्क युजरचा आयडी १००० असेल, तर होस्टवर तो १०१००० ठरतो. कंटेनरातल्या रूटला ही मालकी बदलता येत नाही. शिवाय मॉड्यूल लोड झालं की नोड नव्याने बनतात, म्हणून 'चाऊन' (मालकी बदलणारी आज्ञा) होस्टवर, दाहदी सर्व्हिसनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्येच हवं.

काही अडलं तर एररचे शब्द नीट वाचा, निम्मं काम तिथेच होतं. 'नो सच फाइल' म्हणजे माउंट झालेलं नाही. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर सीग्रुप तपासा. 'परमिशन डिनाइड' बहुधा मालकीचा प्रश्न असतो. 'नो सच डिव्हाइस ऑर ॲड्रेस' आलं तर नोड दिसतोय, पण त्याच्यामागे चॅनल नाही. कंटेनर सोडा, होस्टवर मॉड्यूल पाहा. कर्नल अपडेटनंतर कार्डाच्या ड्रायव्हरचं डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बनवणारी सोय) बिल्ड फसलं तर असं होऊ शकतं.

पावसाळ्यात एमआयडीसीची वीज जाऊन आली की वेगळीच गंमत... नव्हे, खरा त्रास होतो: होस्ट आपोआप उठतो आणि कंटेनर दाहदीच्या आधी सुरू होतो. माउंट 'ऑप्शनल' (नाही झालं तरी चालेल असं) असेल तर तक्रार न करता रिकामी डिरेक्टरी मिळते. कंटेनरच्या सर्व्हिसला दाहदीनंतरचा क्रम सिस्टमडीत (सर्व्हिस सुरू करणाऱ्या यंत्रणेत) लावून द्या. चालू कंटेनर असताना मॉड्यूल काढून परत घातलं, तरी माउंट जुन्याच डिरेक्टरीला धरून राहतं; तेव्हा कंटेनर रीस्टार्ट करावाच लागतो.