बातमीदाराच्या हातात कायदा किती असतो

पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात ती ओळ असते ना, 'या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही', ती छापली की आपण सुटलो असं अजूनही कितीतरी पत्रकारांना वाटतं. हल्ली यूट्यूब चॅनलवालेही व्हिडिओखाली तसंच काहीतरी टाकतात. बदनामीच्या केसमध्ये त्या ओळीचा काडीचा उपयोग होत नाही. लिहिलं कोणी, निवडलं कोणी, छापलं कोणी, कोर्ट एवढंच बघतं. आणि हे सगळ्यात आधी तालुक्याच्या स्ट्रिंजरला, म्हणजे पेपरच्या कायम नोकरीत नसताना बातम्या पाठवणाऱ्या बातमीदाराला माहीत पाहिजे, कारण नोटिशीवर संपादकासोबत त्याचंही नाव असतं आणि फरक एवढाच की संपादकाकडे कंपनीचा वकील असतो, याच्याकडे कोणी नसतं.

मुळापासून सांगतो. आपल्या संविधानात 'वृत्तपत्र स्वातंत्र्य' असा वेगळा शब्दच नाही. कलम १९ मध्ये नागरिकाला बोलायचं आणि मत मांडायचं स्वातंत्र्य आहे, पत्रकाराचं स्वातंत्र्य त्यातच येतं. संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की जे हक्क नागरिकाला नाहीत असे खास हक्क प्रेसला नाहीत, संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणूनच आपला हक्क वापरत असतो. मला हे फार योग्य वाटतं. गाडीवर 'प्रेस' लिहिलं म्हणून आपल्याला जास्त काही मिळत नाही, पण आपल्यावर बंदी आली की ती वाचणाऱ्या प्रत्येकावर येते. पुण्याच्या 'सकाळ'ची केस यासाठीच महत्त्वाची आहे. सरकारने पेपरची किंमत आणि पानं यांचं गणित ठरवून दिलं होतं, म्हणजे पानं वाढवायची तर किंमतही वाढवा, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उडवलं कारण किंमत वाढली की खप कमी होतो आणि खप कमी झाला की विचार कमी लोकांपर्यंत पोचतो, म्हणजे गदा शेवटी स्वातंत्र्यावरच. मराठी पेपरने भांडून मिळवलेला निकाल आहे हा, आपल्याकडच्या किती पत्रकारांना माहीत आहे?

पण निकाल दिल्लीत लागतात आणि नोटीस घरी येते. म्हणून बदनामीवर जरा जास्त बोलतो.

आधी आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ आणि ५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आता त्यात समाजसेवेचाही पर्याय आला आहे. ही फौजदारी बदनामी रद्द करा म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, २०१६ मध्ये कोर्टाने ती कायम ठेवली. मला तो निकाल पटत नाही, लिहिण्यासाठी जेलची भीती असणं मला चुकीचंच वाटतं, पण कायदा आज तो आहे. आणि यातली सगळ्यात गैरसमजाची गोष्ट म्हणजे 'बातमी खरी आहे ना, मग झालं'. नाही झालं. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात खरेपणा हा पूर्ण बचाव आहे, पण फौजदारीत बातमी खरीही असावी लागते आणि लोकहितासाठी छापलेलीही असावी लागते. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याने टेंडरमध्ये काय केलं ते लोकहितात बसतं, त्याच्या घरात काय चाललंय ते खरं असलं तरी बसेलच असं नाही.

दुसरं म्हणजे खरं आहे हे तुम्हाला माहीत असून भागत नाही, ते दाखवता आलं पाहिजे. १८८२ ची केसरी आणि मराठाची गोष्ट घ्या. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ चाललाय म्हणून टिळक आणि आगरकरांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, हातात पत्रं होती. बर्वे कोर्टात गेले आणि पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू चांगला, तळमळ खरी, माणसं तर एवढी मोठी, पण कागद टिकला नाही. आजही केस याच जागी फसते. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर एका पत्राचा फोटो पाठवतो, त्यावर शिक्का दिसतो, डेडलाइन डोक्यावर असते आणि बातमी जाते.

त्यामुळे कागद कुठून आला याला फार किंमत आहे. सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा राजगोपाल निकाल, जो ऑटो शंकर केस म्हणून ओळखला जातो, तो प्रत्येकाने वाचावा. त्यात कोर्ट म्हणतं की सार्वजनिक रेकॉर्डवर जे आहे ते छापायला परवानगी लागत नाही, आणि सरकारी अधिकाऱ्याच्या कामाबद्दल लिहिताना तुम्ही नीट पडताळणी केली होती एवढं दाखवलंत तर तपशिलात चूक निघाली तरी तो नुकसानभरपाई मागू शकत नाही. अपवाद आहेत, बलात्कार पीडितेची ओळख छापता येत नाहीच, आणि लहान मुलांच्या बाबतीत पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, अजून कडक आहे, नाव न देता वडिलांचं नाव, वस्ती आणि शाळा छापली तरी तो गुन्हाच. हे जिल्हा आवृत्त्यांमध्ये अजूनही होतं आणि ते बघून मला खरंच राग येतो.

तर पडताळणी दाखवायची कशी? माहिती अधिकाराचं उत्तर, सही-शिक्क्याची नक्कल, आणि ज्याच्यावर लिहितोय त्याला लेखी प्रश्न. फोन केला, उचलला नाही, एवढ्यावर थांबू नका, मेसेज किंवा ईमेल पाठवा, उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या आणि ते जपून ठेवा. रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल ज्या फोनमध्ये झाली तिथून उडवू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि फिरून आलेल्या फॉरवर्डचं ते कोण देणार? आणि किती दिवस जपायचं तर दिवाणी दाव्याला एक वर्षाची मुदत असते, फौजदारी तक्रारीला तीन वर्षं, म्हणजे तीन वर्षं तरी डायऱ्या रद्दीत देऊ नका.

सोर्सबद्दल मात्र वाईट बातमी आहे. प्रेस कौन्सिल ही वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था, तिच्या १९७८ च्या कायद्यात पत्रकाराला सोर्स सांगायची सक्ती करता येणार नाही असं लिहिलंय, पण ते फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजाला लागू. पोलीस किंवा कोर्टापुढे असं ठाम संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पेगासस प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोर्सचं संरक्षण हा प्रेसच्या स्वातंत्र्याचा पाया आहे असं मानलं, पण उद्या तुमचा फोन जप्त झाला तर तेवढ्याने आतले नंबर लपत नाहीत. तुमच्यावर विश्वास टाकून कोणी नोकरी पणाला लावत असेल तर त्याचं नाव फोनमध्ये ठेवू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.

नोटीस आली तर वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यातला फरक आधी समजून घ्या. वकिलाची नोटीस म्हणजे केस नाही, तिच्यात कोटींचा आकडा असतो तो घाबरवायलाच. पण फोनवरून उत्तर देऊ नका, लेखीच द्या आणि वकिलाकडून द्या. फौजदारी केस कशी चालवायची ते ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मध्ये एक चांगली गोष्ट आली आहे, खाजगी तक्रारीची दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटला आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ती तारीख चुकवू नका, केस तिथेच थांबायची ती एक संधी असते.

आणि मारहाणीचं काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं, रिफायनरीच्या वादावर सातत्याने लिहिणारा पत्रकार होता तो. त्याआधीच महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा झालेला होता, २०१७ चा, हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. पोलीस स्टेशनला गेलात तर या कायद्याचं नाव घेऊन ते कलम लावायला सांगा, आपणहून लावतीलच असं नाही. पण त्यातही अडचण आहे. पत्रकार म्हणजे माध्यम संस्थेत कायम किंवा कंत्राटावर नेमलेला, अशी व्याख्या आहे. ज्या स्ट्रिंजरला दहा-दहा वर्षं बातम्या मागवल्या जातात, जाहिरातींचं टार्गेट दिलं जातं आणि नियुक्तीचं साधं पत्र दिलं जात नाही, तो हे सिद्ध करणार कसं? मालक-संपादकांपैकी कोणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगतो, पगार वाढवणं जमत नसेल तर त्यावर नंतर भांडू, पण तुमच्या नावाने गावोगाव फिरणाऱ्या पोराला लेटरहेडवर चार ओळी लिहून द्या, आणि त्यात हेही लिहा की छापलेल्या बातमीवर केस झाली तर वकील संस्था देईल.