टेस्टोस्टेरॉन: जेल, कॅप्सूल की इंजेक्शन?

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तयार होणे जवळपास थांबले. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासण्यांत पातळी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या बरीच खाली निघाली आणि बेळगावच्या डॉक्टरांनी हे हार्मोन बाहेरून घ्यावे लागेल असे सांगितले. घ्यायचे की नाही हा प्रश्न तिथेच मिटला. ते कोणत्या वाटेने घ्यायचे यावर मात्र घरात बराच खल झाला. (ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी, कारण बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती दाबून टाकते.)

जेल मला सर्वांत सोयीचे वाटले होते. रोज सकाळी आंघोळीनंतर ते खांद्यांवर आणि दंडांवर चोळायचे असते, पातळी बरीचशी स्थिर राहते, आणि त्रास झालाच तर दुसऱ्या दिवसापासून थांबवता येते. परंतु लावलेल्या औषधापैकी साधारण दहा टक्केच त्वचेतून आत जाते; उरलेले बराच वेळ अंगावर राहते आणि दुसऱ्याच्या अंगाला लागू शकते. अशा संपर्कामुळे लहान मुलांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणे दिसल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली जेलच्या माहितीपत्रकात ठळक इशारा देणे बंधनकारक केले. हात साबणाने धुतले आणि जेल वाळल्यावर त्यावर सदरा घातला की धोका पुष्कळ कमी होतो, हे खरे. पण आमच्या शहापुरातल्या घरात नातू दिवसभर माझ्या अंगाखांद्यावर असतो, आणि मे महिन्यात वीज गेली की मी बनियनवर ओट्यावर येऊन बसतो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. शिवाय जेल लावल्यावर काही तास अंग भिजू द्यायचे नसते. खानापूरकडच्या पावसात रोप लावणीला उतरणाऱ्या माणसाला हे पथ्य कोण सांगणार?

कॅप्सूलचा विचार लवकर मागे पडला. अनडेकॅनोएट या टेस्टोस्टेरॉनच्या रूपाची कॅप्सूल लसिकावाहिन्यांतून शोषली जात असल्यामुळे जुन्या मिथाइलटेस्टोस्टेरॉनसारखी यकृताची भीती तिच्यात नाही. मात्र ती दिवसातून दोन वेळा, पुरेसे स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबरच घ्यावी लागते. रात्री भाकरी आणि पातळ आमटीवर भागवणाऱ्या, एकादशी-संकष्टी पाळणाऱ्या माणसाचे आणि तिचे जमणे कठीण.

राहिली इंजेक्शने. एनान्थेट या टेस्टोस्टेरॉनच्या दुसऱ्या रूपाचे २५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी घेतले की सुरुवातीचे दिवस पातळी चढलेली असते आणि शेवटी ती घसरते. हा चढउतार माझ्याआधी पत्नीच्या लक्षात आला; माझी चिडचिड वाढली की ती कॅलेंडरकडे पाहायची. कमी मात्रा दर आठवड्याला घेतल्यास हा हेलकावा कमी होतो. रक्त दाट होण्याचे प्रमाण या इंजेक्शनांत जेलपेक्षा अधिक असते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवावे लागते. टेस्टोस्टेरॉनच्या अशा चार रूपांचे (एस्टरांचे) मिश्रण असलेल्या इंजेक्शनात शेंगदाण्याचे तेल असते, त्यामुळे शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी त्यापासून दूर राहावे.

दीर्घकाळ टिकणारे अनडेकॅनोएटचे इंजेक्शन १००० मिलिग्रॅमचे, एरंडेलात विरघळवलेले आणि चार मिलिलिटर भरते. पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरे, आणि पुढे दहा ते चौदा आठवड्यांनी एकेक. ते नितंबात खोलवर आणि फार सावकाश द्यावे लागते. आमच्या सिस्टर ‘काका, निधान (म्हणजे सावकाश), हलू नका’ असे म्हणत पिचकारी इतक्या हळू दाबतात की आपण भिंतीवरचे औषधकंपनीचे कॅलेंडर पूर्ण वाचून होते. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेल्यास लगेच खोकला किंवा धाप लागू शकते, म्हणून अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. हे औषध एकदा आत गेले की परत काढता येत नाही, हा त्याचा खरा दोष. म्हणूनच डॉक्टरांनी आधी काही काळ एनान्थेट देऊन हिमॅटोक्रिट आणि प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्ततपासणी ठीक असल्याची खात्री केली आणि मगच मला याच्यावर आणले. माझ्या वयाच्या माणसाने हाच क्रम धरावा, असे माझे मत आहे.

पद्धत बदलली की तपासणीसाठी रक्त देण्याची वेळही बदलते. एनान्थेटवर असताना दोन इंजेक्शनांच्या मधोमध रक्त द्यावे लागे. आता ते पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी देतो. मुलीकडे कोल्हापूरला मुक्काम असला आणि तिथल्या लॅबमध्ये तपासणी केली, तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख मी अहवालावर स्वतः लिहून ठेवतो, कारण ती तारीख नसेल तर त्या आकड्यावरून मात्रा कमी करायची की अंतर वाढवायचे, हे बेळगावच्या डॉक्टरांना ठरवता येत नाही.