वळणावर झुलणारी व्हॅन

घाट उतरताना एका वळणावर व्हॅनची मागची बाजू हलकेच झुलली. स्टिअरिंग सरळ केलं तरी क्षणभर झुलतच राहिली. वारा असेल, असं वाटलं. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मागच्या डाव्या टायरला सहज हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका तो तापला होता.

टॉर्च घेऊन खाली बसले. नक्षी खोल, जवळजवळ नव्यासारखी. ही जुनी व्हॅन घेताना त्या नक्षीकडे बघूनच आम्ही निर्धास्त झालो होतो. पण रिमजवळ रबराच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा होत्या. अंगठ्याने दाबलं की त्या उघडायच्या, अगदी नख अडकेल इतक्या. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते : १११५. म्हणजे २०१५ सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला टायर. आमच्यासारखी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, महिनोन्‌महिने एका जागी ओझं घेऊन उभी असते. तिचे टायर घासून गोटा व्हायच्या आधीच म्हातारे होतात.

वय कळलं, पण एवढी उष्णता कशाची? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर मिळालं. तिथपर्यंत अगदी सावकाश गेलो. पाण्याची टाकी भरलेली, गॅस, सायकली, आम्ही दोघं आत, म्हणजे प्रवासात असते तशीच व्हॅन काट्यावर घेतली आणि दोन्ही एक्सल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्या, वेगवेगळ्या मोजल्या. मागच्या एक्सलवर १९४० किलो. टायरवर लिहिलं होतं २२५/७५ आर १६, आणि पुढे १०४. हा १०४ म्हणजे भार निर्देशांक : एका टायरला जास्तीत जास्त ९०० किलो. दोघांचे मिळून १८००. आम्ही १४० किलो जास्त लादून घाट उतरलो होतो.

“पण माप तर तेच आहे ना गं?” नवऱ्याने विचारलं. माप तेच होतं. फक्त मापानंतरचा ‘सी’ नव्हता. आधीच्या मालकाने एसयूव्हीचे टायर बसवले होते. रिमवर ते बिनबोभाट बसतात, म्हणूनच ही चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘सी’ म्हणजे मालवाहू व्हॅनसाठीचा, जास्त हवा आणि जास्त भार पेलणारा टायर. याच मापात तो १२१/१२० निर्देशांकाचा मिळतो. पहिला आकडा एकेरी चाकाचा, १४५० किलो. दुसरा जोडचाकांमधल्या, म्हणजे एका बाजूला शेजारी शेजारी दोन चाकं असतील तर त्यातल्या प्रत्येक टायरचा, १४०० किलो.

कॅम्परसाठी खास ‘सीपी’ टायरही असतात. मागच्या बाजूला कायम ओझं आणि साधारण ५.५ बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) हवा, हे गृहीत धरूनच ते बनवतात. त्यांचा निर्देशांक ११८, म्हणजे १३२० किलो. कागदावर १२१ वरचढ दिसतो. पण आमच्या मागच्या एका चाकावर ९७० किलो येत होते, तेव्हा दोन्हींत भरपूर वाव होता. आमची व्हॅन धावते कमी आणि उभी राहते जास्त, म्हणून मी ‘सीपी’ घेतले. चारही. दोनच बदलले असते तर मागेच टाकले असते, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी सावरणं फार कठीण.

दुकानात प्रत्येक टायरची तारीख मी स्वतः वाचली. एक टायर तीन वर्षं जुना निघाला, तो परत केला. हवा भरायच्या व्हॉल्व्हचा हट्टही सोडला नाही. साधे रबरी व्हॉल्व्ह ४.५ बारपर्यंतचेच असतात. ५ बार हवेसाठी धातूचेच हवेत. आमच्या व्हॅनवर रबरीच होते! पुढे किती, मागे किती हवा भरायची हे टायर कंपनीच्या तक्त्यात काट्यावरच्या वजनाशी ताडून ठरवलं, आणि भरली ती टायर गार असताना.

परत निघालो. ८० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळले, एक पाव फेरा फिरला. मग पुन्हा तोच घाट, तेच वळण. मागे कपाटातली भांडी थोडी वाजली, व्हॅन मात्र रेषेत राहिली. खाली उतरल्यावर चारही टायरना हात लावून पाहिला. कोमट होते.