इतकं साधं वाजवणारा तुम्हाला का आवडतो?

ड्रम शिकायला आलेलं मूल पहिल्या महिन्यात कधीतरी विचारतंच, "सर, तुमचा आवडता ड्रमर कोण?" अपेक्षा असते एखाद्या इंग्लिश किंवा अमेरिकन नावाची. मी सांगतो, ग्योर्गी गुर्यानोव, रशियातल्या 'कीनो' बँडचा. मूल फोनवर शोधतं, अर्धं गाणं बघतं आणि मग खरा प्रश्न येतो: "सर, हे तर मलापण येतं. इतकं साधं वाजवणारा तुम्हाला का आवडतो?" मुलांचे आईवडील हेच विचारतात, ऑर्केस्ट्रातले मित्रही विचारतात, फक्त ते जरा हसून. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी कबूल करू: हो, तुम्हाला येतं. चार मात्रांचा सरळ ठेका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा, कोरडा फटका, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) एकसारखी. रोल जवळजवळ नाहीतच. सहा महिने क्लास केलेला कुणीही गाण्याबरोबर वाजवू शकेल. अडचण अशी की चौथ्या कडव्यापर्यंत त्याचे हात शिवशिवायला लागतात आणि तो कुठेतरी एक फिल, म्हणजे ठेका मोडून घेतलेला सजावटीचा तुकडा, घुसवतो. गुर्यानोव घुसवत नाही. तिथे त्याचं वेगळेपण सुरू होतं.

आता माणूस. जन्म 1961, लेनिनग्राद, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. मित्रमंडळीत त्याला 'गुस्ताव' म्हणत. मुळात तो चित्रकार, आणि हे त्याच्याबद्दल सांगताना शेवटी जोडायची गोष्ट नाही, पहिल्यांदाच सांगायची आहे. तिमूर नोविकोव नावाच्या चित्रकाराने 1982 मध्ये 'नवे कलाकार' हा गट जमवला. त्यात चित्रकार गाणारे होते आणि गाणारे चित्रं काढणारे. कीनोचा गायक आणि गीतकार विक्तोर त्सोय हाही लाकडावरचं कोरीवकाम शिकलेला आणि चित्रं काढणारा. गुर्यानोवने कीनोत येण्याआधी आन्द्रेई पानोवच्या पंक बँडमध्ये हात साफ करून घेतला होता. पुढे सेर्गेई कुर्योखिन या संगीतकाराच्या 'पॉप-मेखानिका' या संचातही तो असायचा. तिथे एकाच रंगमंचावर रॉकवाले, जॅझवाले, शास्त्रीय वादक आणि मनात आलं तर जिवंत जनावरंसुद्धा असत.

कीनोला सुरुवातीला ड्रमरच उरला नव्हता. पहिला ड्रमर ओलेग वालिन्स्की सक्तीच्या लष्करी नोकरीत गेला (हा गृहस्थ पुढे रशियन रेल्वेत बडा अधिकारी झाला, रॉकच्या इतिहासात असेही लोक असतात). त्यामुळे 1982 चा पहिला अल्बम, '45', ड्रम मशीनवर, म्हणजे ठेका आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, भागवला. गुर्यानोव आला 1984 मध्ये आणि त्याच वर्षी मे महिन्यात लेनिनग्राद रॉक क्लबच्या महोत्सवात नव्या संचाने बक्षीस मिळवलं. गिटारवर यूरी कास्पार्यान. बेसवर आधी अलेक्सांद्र तीतोव, नंतर ईगोर तिखोमिरोव. शेवटपर्यंत टिकला तो हा संच.

गुर्यानोव ड्रम उभ्याने वाजवायचा, आणि रॉक क्लब म्हणजे काय हे कळल्याशिवाय त्याचं ते उभं राहणं कळत नाही. रुबिन्स्टाइन रस्त्यावर 13 नंबरच्या इमारतीत 1981 मध्ये सरकारी परवानगीने हा क्लब सुरू झाला. गाण्याचे शब्द आधी तपासून मंजूर करून घ्यावे लागत. गुप्त पोलिसांचं लक्ष असे. आणि प्रेक्षक नाटकाला बसावेत तसे खुर्च्यांवर बसून रॉक ऐकत, नाचायची सोय नाही. अशा बसलेल्या सभागृहासमोर रंगमंचाच्या मागच्या बाजूला एक उंच, देखणा, ताठ मानेचा तरुण उभ्याने ड्रम वाजवतोय. मला हे फार आवडतं.

उभ्याने वाजवणारा तो जगातला पहिला नाही. 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' या अमेरिकन बँडची मो टकर त्याच्या कितीतरी आधी उभी राहून वाजवायची. आपल्याकडे ऑर्केस्ट्रातले ऑक्टोपॅडवाले उभेच असतात, त्यामुळे आपल्या मुलांना त्यात नवल वाटत नाही. पण ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) वेगळा आणि किट, म्हणजे ड्रम आणि झांजांचा पूर्ण संच, वेगळं. किटवर बसतात ते आरामासाठी नाही. बसलं की दोन्ही पाय मोकळे होतात, उजवा बेस ड्रमच्या पेडलवर, डावा हाय-हॅटच्या. उभं राहिलात की अंगाचा भार पायांवर येतो आणि पायांची करामत संपली. आधुनिक ड्रमिंगचं निम्मं कौशल्य पायांत असतं, ते हा माणूस आपणहून बाजूला ठेवतो. उरतात दोन हात आणि खांद्यापासून येणारा फटका. हात वर जातो तो लांबूनही दिसतो, म्हणजे ठेका कानाआधी डोळ्यांना कळतो. चित्रकाराला ही गोष्ट न सुचती तरच नवल.

एक गोष्ट माझी स्वतःची, कुठे वाचलेली नाही, पण मला पटलेली. कीनोची गाणी देशभर पोचली ती दुकानातल्या तबकड्यांवरून नाही. एकाच्या टेपवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या टेपवरून तिसऱ्याने उतरवून घ्यायची, अशी ती पसरली. ज्यांनी कॅसेटचा काळ पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, उतरवलेल्यावरून परत उतरवलं की पहिल्यांदा मरतात ते वरचे बारीक आवाज. झांजांचा नुसता फसफसाट होतो. नाजूक काम, स्नेअरवरची हलकी टिचकी, सगळं गाळात जातं. टिकतो तो गायकाचा आवाज आणि स्नेअरचा जाड, एकटा फटका. गुर्यानोवने असा विचार केला होता असं मी म्हणत नाही. पण दहाव्या हाताच्या टेपवरही ज्याचं वादन जसंच्या तसं राहील, असा ड्रमर त्या देशात त्या काळात तोच होता.

1986 मध्ये जोआना स्टिंग्रे या अमेरिकन गायिकेने लेनिनग्रादच्या चार बँडची ध्वनिमुद्रणं गुपचूप देशाबाहेर नेली आणि अमेरिकेत 'रेड वेव्ह' हा दुहेरी अल्बम काढला, प्रत्येक बँडला एक बाजू. त्यातली एक कीनोची. मग आला 1988 चा 'ग्रुप्पा क्रोवी', म्हणजे 'रक्तगट'. त्यात परत ड्रम मशीन आहे, पण आता नाइलाज म्हणून नाही. बँडमध्ये हाडामांसाचा ड्रमर असताना त्याने मशीन वापरलं आणि कार्यक्रमात तेच ठेके हातांनी वाजवले. आमच्यातले बरेच वादक मशीनचं नाव काढलं की चिडतात, पोटावर पाय येतो म्हणून. ते मी समजू शकतो. पण या अल्बममध्ये मशीनचा थंडपणा गाण्यांच्याच स्वभावात आहे. त्सोयचा आवाज कधी गहिवरत नाही, मग ड्रमने का गहिवरावं?

'आस्सा' हा सेर्गेई सोलोव्योवचा 1987 चा चित्रपट. त्याच्या शेवटी कीनो बदलाची मागणी करणारं आपलं गाणं वाजवतं. सुरुवातीला रेस्टॉरंटमधला छोटा मंच, आणि बघता बघता समोर हजारोंचा जमाव, हातात पेटत्या काड्या. तो प्रसंग मॉस्कोच्या गोर्की पार्कमधल्या खुल्या नाट्यगृहात चित्रित केला. मुलांना मी तेवढाच तुकडा दाखवतो आणि सांगतो, त्सोयकडे बघू नका, मागे बघा. चेहऱ्यावर काही नाही. खांदे सैल. गाण्यात एवढं भरून आलेलं असताना हात एका इंचानेही मोठा होत नाही. हा संयम शिकवता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय.

24 जून 1990 ला मॉस्कोच्या लुझनिकी मैदानात साठ हजारांच्या वर लोकांसमोर कीनोने वाजवलं. 15 ऑगस्टला लाटव्हियात तुकुम्सजवळ त्सोयची मोटार बसवर आदळली. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

नव्या अल्बमसाठी त्याने त्या उन्हाळ्यात कास्पार्यानबरोबर गाणी कच्ची ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. त्यातला त्याचा आवाज घेऊन उरलेल्या तिघांनी वाद्यं वाजवली आणि अल्बम पुरा केला. काळं मुखपृष्ठ, म्हणून लोक त्याला 'काळा अल्बम' म्हणतात. स्टुडिओत काम केलेल्याला यातली अडचण लगेच कळेल. एरवी आधी ड्रम पडतात, सगळ्यात शेवटी गायक येतो आणि तो लयीशी खेळतो, जरा मागे रेंगाळतो, जरा पुढे पळतो. इथे आवाज आधीच कायमचा ठरलेला. त्यात आता तसूभर बदल होणार नाही, ड्रमरनेच त्याच्यामागे जायचं. चमकून दाखवायची सवय असलेल्या ड्रमरने त्या गाण्यांची वाट लावली असती.

त्यानंतर कीनो संपलं. गुर्यानोवने दुसऱ्या मोठ्या बँडमध्ये जाऊन जन्मभर 'कीनोचा ड्रमर' म्हणून मिरवलं नाही, तो पूर्णवेळ चित्रकार झाला. नोविकोवने 'नवी अकादमी' काढली होती, अभिजात सौंदर्याकडे परत जाऊ म्हणणारी, आणि गुर्यानोव तिच्यातला महत्त्वाचा माणूस होता. त्याची चित्रं म्हणजे खलाशी, वल्हवणारे, मुष्टियोद्धे, जलतरणपटू. 1930 च्या सोव्हिएत चित्रकलेची, विशेषतः देइनेका या चित्रकाराची, सावली त्यांवर उघड दिसते, फक्त त्यातला प्रचार काढून टाकून देह तेवढे ठेवलेले. काही चेहरे मित्रांचे, काही स्वतःचे. काहींना ही चित्रं फार गुळगुळीत वाटतात, मलाही काही वाटतात. पण रेषा बघा. एकदा ओढली की तिच्यावर परत हात फिरवलेला नाही. 20 जुलै 2013 ला वयाच्या बावन्नाव्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्येच तो गेला. 2021 मध्ये त्सोयचा ध्वनिमुद्रित आवाज वापरून कीनो पुन्हा मंचावर आलं तेव्हा तो नव्हता.

तर ऐकायचं असेल त्यांनी आधी 'ग्रुप्पा क्रोवी' ऐका, मग लुझनिकीचं चित्रीकरण बघा, आणि काळा अल्बम शेवटी. मुलांसाठी वेगळा गृहपाठ: यातलं कुठलंही एक गाणं निवडायचं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही फिल न घेता वाजवायचं. बसून वाजवलंत तरी चालेल.